ग्रामपंचायतीचे सॉफ्टवेअर जिल्हा परिषदेच्या यंत्रणेतच घडवा: महागाव तालुक्याचे मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, यवतमाळ
मार्फत: मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती, महागाव

विषय: ग्रामपंचायतींच्या दैनंदिन कामाचे सॉफ्टवेअर बाहेरच्या पुरवठादाराकडून काढून घेऊन लो-कोड साधनांच्या आधारे जिल्हा परिषदेच्या यंत्रणेतच तयार करणे व चालवणे.

महोदय,

महागाव तालुक्यातील ग्रामपंचायतींत काम करणारे संगणक परिचालक आणि कर्मचारी यांच्या तालुका संघटनेच्या वतीने हे मागणीपत्र सादर करीत आहोत. यातील प्रत्येक मागणी रोजच्या कामातून आलेली आहे. प्रत्येकीसोबत तिची अंमलबजावणी कशी करता येईल, हेही नमूद केले आहे.

पार्श्वभूमी

राज्यातील ग्रामपंचायतींचे संगणकीकरण २०११ मध्ये संग्राम प्रकल्पाने सुरू झाले. २०१६ पासून त्याची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्र’ प्रकल्पाने घेतली. या सगळ्या काळात खुर्चीवर बसणारा परिचालक गावातलाच राहिला. तो ज्यावर काम करतो ते सॉफ्टवेअर मात्र बाहेरून आले. त्यातला एक रकाना वाढवायचा, एक शब्द दुरुस्त करायचा, तरी निर्णय बाहेरच होतो.

महाराष्ट्र ग्रामपंचायत लेखासंहिता, २०११ नुसार ग्रामपंचायतीला नमुना १ ते ३३ ठेवावे लागतात. नमुना ५ ही रोकड वही, नमुना ८ ही कर आकारणी नोंदवही, नमुना ९ ही कर मागणी नोंदवही, तर नमुना ३३ ही वृक्ष नोंदवही. यांतील चूक लेखापरीक्षणात निघाली की आक्षेप ग्रामपंचायतीवर येतो, आणि अनुपालनही ग्रामपंचायतच करते. सॉफ्टवेअर देणाऱ्याचे नाव त्या कागदावर कुठेही नसते.

जबाबदारी ज्याची, दुरुस्तीचा अधिकारही त्याचा असावा. आमच्या सर्व मागण्यांचा पाया एवढाच आहे.

आम्ही काय मागत नाही

केंद्र शासनाचे ई-ग्रामस्वराज, पीएफएमएसमधून होणारी देयके, जन्म-मृत्यू नोंदणीची केंद्रीय प्रणाली आणि महसूल विभागाचे सातबारा व फेरफार यांना हात लावावा, असे आमचे म्हणणे नाही. पैशांचे हस्तांतर आणि कायदेशीर नोंदणी करणाऱ्या मोठ्या प्रणाली जिथे आहेत तिथेच राहाव्यात.

आमचा आग्रह मधल्या थरापुरता आहे: कर आकारणी व वसुली, दाखल्यांचे अर्ज, मालमत्ता, रस्ते व वृक्ष यांच्या नोंदवह्या, पाणीपुरवठ्याच्या तक्रारी, ग्रामसभेचे ठराव आणि त्यांची अंमलबजावणी. ही कामे अर्ज, तपासणी, मंजुरी आणि छपाई या चार पायऱ्यांत बसतात. त्यांच्यासाठी प्रत्येक वेळी बाहेर निविदा काढण्याची गरज नाही.

लो-कोड म्हणजे काय, आणि आताच का

लो-कोड साधनात तयार चौकट मिळते. रकाने कोणते, कोणता सक्तीचा, मंजुरी कोणाची, दाखल्याचा मसुदा कसा, हे पडद्यावर निवडून ठरवायचे असते. संगणकाची भाषा लिहिण्याचे काम थोडेच उरते. काम जाणणारा माणूस प्रशिक्षण घेऊन हे करू शकतो.

असे साधन शासनाकडे आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘सर्व्हिसप्लस’ ही चौकट केंद्रीय पंचायतराज मंत्रालयाच्या पंचायत एंटरप्राइज सूटचा भाग होती, म्हणजे पंचायती डोळ्यांपुढे ठेवूनच ती आखली गेली. बिहारमधील लोकसेवांचे अर्ज आणि हरियाणातील ‘अंत्योदय सरल’ याच चौकटीवर चालतात. मुंबईत तयार झालेली ‘फ्रॅपे’ ही मुक्त-स्रोत चौकटही उपलब्ध आहे. इंटरनेट नसताना मोबाइलवर नोंद घेऊन नंतर पाठवण्यासाठी ‘ओडीके’ हे मुक्त-स्रोत साधन जगभर वापरले जाते.

धोरणाचा आधारही जुना आहे. मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे केंद्र शासनाचे धोरण २०१५ चे आहे. शासकीय सॉफ्टवेअरचा स्रोत खुला करून ते सहकार्याने विकसित करण्याचे धोरणही त्याच वर्षीचे आहे.

केरळने हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी तेथील शासनाने १९९९ मध्ये इन्फर्मेशन केरळ मिशन स्थापन केले. त्या यंत्रणेने तयार केलेली कारभार प्रणाली राज्याच्या सर्व ९४१ ग्रामपंचायतींत पोहोचली. त्याच मिशनची ‘के-स्मार्ट’ ही प्रणाली १ जानेवारी २०२४ पासून तेथील शहरी संस्थांत सुरू झाली. केरळची ग्रामपंचायत आपल्यापेक्षा लोकसंख्येने आणि मनुष्यबळाने मोठी असते, हे आम्ही जाणतो. म्हणूनच आमचा प्रस्ताव एका तालुक्यापासून, मोजक्या नमुन्यांपासून सुरू होतो.

मागण्या

मागणी १: माहितीची मालकी आणि पूर्ण प्रत

पुरवठादार बदलला की जुन्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप येत नाहीत. तीच घरे, तीच नावे, तीच थकबाकी आमच्या सभासदांनी पुन्हा टंकली आहे. त्या श्रमाचा मोबदला कोणत्याही देयकात दिसत नाही.

प्रत्येक ग्रामपंचायतीच्या सर्व नोंदींची युनिकोड मराठीतील, कोणत्याही तक्ता-सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशी पूर्ण प्रत ३० दिवसांत ग्रामपंचायतीच्या ताब्यात द्यावी. यापुढे दर तिमाहीस अशी प्रत देणे करारात बंधनकारक करावे आणि ती मिळाल्याच्या ग्रामपंचायतीच्या लेखी पोचीशिवाय देयक काढू नये. या नोंदी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ च्या अर्थाने सार्वजनिक अभिलेख आहेत. त्यांच्यावर पुरवठादाराचा हक्क असू शकत नाही.

मागणी २: तालुका आज्ञावली कक्ष

आज सॉफ्टवेअरमधील अडचण कळवायची तर दूरध्वनी क्रमांक मिळतो, तक्रार क्रमांक मिळतो, उत्तराची तारीख मिळत नाही. जो ऐकून घेतो त्याला नमुना ८ आणि नमुना ९ यांतला फरक समजावून सांगण्यापासून सुरुवात करावी लागते.

पंचायत समिती, महागाव येथे सॉफ्टवेअर तयार व दुरुस्त करणारा सहा जणांचा आज्ञावली कक्ष स्थापन करावा: संगणक परिचालकांतून निवडलेले चार, एक ग्रामपंचायत अधिकारी आणि एक विस्तार अधिकारी. निवड लेखी व प्रात्यक्षिक परीक्षेने व्हावी, शिफारशीने नव्हे. तांत्रिक मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या जिल्हा कार्यालयाशी समन्वय ठेवावा.

मागणी ३: कर आकारणीचे गणित उघडे असावे

२०१५ च्या नियम दुरुस्तीनंतर घरपट्टी भांडवली मूल्यावर आकारली जाते. इमारतीचे क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर, अधिक क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा दर, आणि या बेरजेला वापरानुसार भारांक. समजा ५० चौरस मीटरचे राहते घर, जमिनीचा दर ४०० रुपये, बांधकामाचा दर १०,००० रुपये, घसारा दर ०.८० आणि भारांक १ आहे. मूल्य होते २०,००० अधिक ४,००,०००, म्हणजे ४,२०,००० रुपये. हजारी १ रुपया दर धरला तर कर ४२० रुपये.

हे गणित शाळकरी आहे. तरीही ग्रामस्थाने “हा आकडा कसा आला?” असे विचारले की सॉफ्टवेअर फक्त शेवटची रक्कम दाखवते. परिचालक कॅल्क्युलेटर काढून हिशेब मांडतो, आणि घसाऱ्याचा टप्पा चुकलेला आढळला तरी तो त्याला दुरुस्त करता येत नाही.

आकारणीचा प्रत्येक घटक मागणी बिलाच्या मागे छापून मिळावा. दर व घसारा यांचे तक्ते ग्रामपंचायतीच्या ठरावानुसार कक्षाने सात दिवसांत बदलावेत. दर चार वर्षांच्या फेरआकारणीपूर्वी जुनी व नवी रक्कम शेजारी-शेजारी दाखवणारी यादी हरकतींसाठी प्रसिद्ध करता यावी.

मागणी ४: तांडा, वाडी आणि नावांसाठी योग्य रकाने

आपल्या तालुक्यात गट ग्रामपंचायती आहेत आणि त्यांत तांडे आहेत. सॉफ्टवेअरमधील गावांची यादी महसुली गावांवर बांधलेली आहे. तांडा वेगळे महसुली गाव नसेल तर तेथील घरे मूळ गावाच्या यादीत विखुरतात. तांड्यात एकाच आडनावाची घरे अनेक. नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तिन्ही जुळणारी माणसेही असतात. अशा वेळी एकाची पावती दुसऱ्याच्या खात्यावर पडते. हे टाळायला परिचालक नावापुढे कंसात आजोबांचे नाव टाकतो, तर कंस चालत नाही म्हणून नोंद नाकारली जाते.

मालमत्ता नोंदीत वस्ती किंवा तांडा, आजोबांचे नाव, ‘उर्फ’ नाव आणि विभागलेल्या घराचा उपक्रमांक असे चार रकाने द्यावेत. लो-कोड चौकटीत हे एका दिवसाचे काम आहे, आणि कक्षाने प्रशिक्षणाच्या पहिल्या महिन्यात तेच करून दाखवावे.

याचे मोल वसुलीपुरते नाही. २२ जुलै २०२३ रोजी तालुक्यातील आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला आणि अडकलेल्या चाळीसहून अधिक लोकांसाठी हवाई दलाचे हेलिकॉप्टर मागवावे लागले. अशा दिवशी तांड्यात घरे किती आणि कोणाची, याची यादी ग्रामपंचायतीतून दहा मिनिटांत निघाली पाहिजे. म्हणून वस्तीनिहाय कुटुंब यादी छापण्याची आणि ती इंटरनेट नसतानाही उघडण्याची सोय नव्या प्रणालीत पहिल्या दिवसापासून असावी.

मागणी ५: दाखल्यांच्या विलंबाची न्याय्य वाटणी

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते. पुरेशा कारणाशिवाय मुदत चुकली तर पदनिर्देशित अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. सॉफ्टवेअर दोन दिवस बंद पडले तर मुदत थांबत नाही, आणि बंद पडल्याचा पुरावा गोळा करण्याचे ओझेही ग्रामपंचायतीवरच येते.

प्रणाली बंद असल्याचा कालावधी तिनेच आपोआप नोंदवावा आणि तो अपिलात पुरावा म्हणून ग्राह्य धरावा. बाहेरच्या पुरवठादाराचे सॉफ्टवेअर चालू असेतोवर प्रत्येक पूर्ण बंद दिवसासाठी त्याच्या मासिक देयकातून प्रमाणशीर कपात करावी. नमुना ८ चा उतारा आणि येणे बाकी नसल्याचा दाखला या दोन सेवा नव्या प्रणालीत प्रथम आणाव्यात. त्यांना लागणारी माहिती ग्रामपंचायतीकडेच असते.

मागणी ६: खर्चाचा बाबनिहाय हिशेब

२०१६ नंतरच्या व्यवस्थेत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या वित्त आयोग निधीतून दरमहा १२,३३१ रुपये, म्हणजे वर्षाला १,४७,९७२ रुपये जात होते. त्यांतून परिचालकाच्या हाती दरमहा ६,००० रुपये पडत. वर्षाकाठी उरणाऱ्या ७५,९७२ रुपयांत साहित्य, प्रशिक्षण, देखभाल, सॉफ्टवेअर आणि कर एकत्र होते. मानधन पुढे वाढले. सॉफ्टवेअरपोटी नेमके किती दिले जाते, हे मात्र ज्या ग्रामसभेचा तो पैसा आहे तिला सांगता येत नाही.

मनुष्यबळ, साहित्य, देखभाल आणि सॉफ्टवेअर या चार बाबींचा स्वतंत्र हिशेब प्रत्येक ग्रामपंचायतीस द्यावा आणि तो ग्रामसभेपुढे ठेवावा. सॉफ्टवेअरच्या बाबीतून वाचणारी रक्कम पहिली दोन वर्षे आज्ञावली कक्ष, प्रशिक्षण आणि सुरक्षा तपासणी यांवरच खर्च व्हावी. जुन्या दराने केवळ दहा ग्रामपंचायतींचीच मानधन वगळून वर्षाची रक्कम ७,५९,७२० रुपये होते. तिच्यातील सॉफ्टवेअरचा वाटा उघड झाला, तर पैसा कुठून आणायचा या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी हिशेबातच मिळेल.

मागणी ७: नवे काम, तर नवे पद आणि नवा मोबदला

‘घरातच करू’ या निर्णयाचा अर्थ ‘फुकट करून घेऊ’ असा लावला जाईल, ही आमच्या सभासदांची भीती निराधार नाही. परिचालकावर नवी कामे आजवर तोंडी आदेशाने येत गेली आहेत.

कक्षातील परिचालकांना लेखी नियुक्ती, कामाची लेखी यादी आणि मूळ मानधनाच्या किमान ५० टक्के इतका अतिरिक्त भत्ता द्यावा. ते कक्षात असतील त्या दिवशी त्यांच्या ग्रामपंचायतीत पर्यायी व्यवस्था करावी. किमान वेतन आणि सेवा नियमित करण्याच्या आमच्या जुन्या मागण्या कायम आहेत. या मागणीपत्रामुळे त्या मागे घेतल्या असे समजू नये.

मागणी ८: प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र

आजचे प्रशिक्षण म्हणजे एका सभागृहात शंभर जण, एक पडदा आणि दुपारपर्यंत आटोपलेला कार्यक्रम.

कक्षातील सदस्यांना १२ आठवड्यांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण द्यावे: चार आठवडे अर्ज व रकाने बांधणे, चार आठवडे मंजुरीचे टप्पे व अहवाल, चार आठवडे सुरक्षा, प्रती जतन करणे आणि दस्तऐवज लिहिणे. उर्वरित परिचालकांना गटागटाने, एका गटात २० पेक्षा जास्त नाहीत अशा प्रकारे, तीन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे. उत्तीर्णांना मिळणारे प्रमाणपत्र पुढील भरतीत ग्राह्य धरावे.

जिल्हा परिषदेच्या माणसाने केलेले काम राज्यभर स्वीकारले जाते, हे नवे नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले. तो प्रयोग राज्याच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत गेला, आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

मागणी ९: सुरक्षा आणि शिस्त

लो-कोडविरुद्ध घेतला जाणारा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे: कोणीही काहीही बनवेल, बनवणारा निघून जाईल आणि मागे न समजणारा पसारा उरेल. आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर नियमांत आहे.

कोणताही बदल एकाने करावा आणि दुसऱ्याने तपासावा. प्रत्येक बदलाची तारीख, कारण व करणाऱ्याचे नाव नोंदले जावे. प्रत्येक अर्जप्रणालीची मराठी हस्तपुस्तिका तयार झाल्याशिवाय ती सुरू करू नये. प्रणाली शासनाच्या डेटा सेंटरमध्येच ठेवावी आणि सर्ट-इन या केंद्रीय संगणक सुरक्षा संस्थेच्या यादीतील तपासनीसाकडून वर्षातून एकदा तिची सुरक्षा तपासणी व्हावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ लक्षात घेऊन आधार क्रमांकासारखी माहिती गरजेपलीकडे घेऊ नये. ज्या साधनातून माहिती आणि रचना दोन्ही बाहेर काढता येत नाहीत, ते साधन स्वस्त मिळाले तरी निवडू नये. एका पुरवठादाराच्या कचाट्यातून सुटून दुसऱ्याच्या कचाट्यात जाणे आम्हांला मान्य नाही.

वेळापत्रक

पहिले ३० दिवस: कक्षाची स्थापना, माहितीची प्रत ताब्यात घेणे आणि साधनाची निवड.

पुढील ९० दिवस: प्रशिक्षण. त्याच काळात नमुना ३३ वृक्ष नोंदवही, नमुना २३ रस्त्यांची नोंदवही आणि नमुना १६ जडवस्तू संग्रह व जंगम मालमत्ता नोंदवही या तीन नोंदवह्या तयार करणे. यांत पैशांचा व्यवहार नाही, त्यामुळे चूक झाली तरी कोणाचे नुकसान होणार नाही.

त्यानंतरचे सहा महिने: दहा ग्रामपंचायतींत प्रायोगिक वापर. सवना, फुलसावंगी, गुंज, मुडाणा आणि हिवरा यांसारखी मोठी गावे व तांडे असलेल्या लहान गट ग्रामपंचायती असे दोन्ही प्रकार त्यांत असावेत. या काळात जुने व नवे सॉफ्टवेअर बरोबरीने चालावे, पण दुहेरी नोंदीसाठी स्वतंत्र मनुष्यबळ द्यावे.

सहा महिन्यांनंतर तीन कसोट्या लावाव्यात: दाखले मुदतीत मिळाले का, नमुना ९ आणि रोकड वहीचा मेळ बसला का, मागितलेली दुरुस्ती सात दिवसांत झाली का. तिन्हींत नवी प्रणाली उतरली तर तालुकाभर लागू करावी. एका कसोटीतही ती मागे पडली, तर आणखी तीन महिने द्यावेत. त्यानंतरही जमले नाही तर विस्तार थांबवावा. ही अट आम्ही स्वतःहून घालत आहोत.

संघटनेची बांधिलकी

परीक्षेसाठी पात्र उमेदवार, प्रायोगिक ग्रामपंचायतींतील सहकार्य आणि चुकांचा मासिक अहवाल संघटना देईल. नव्या प्रणालीतील दोष आमच्याच सभासदाचा असला, तरी तो अहवालातून वगळला जाणार नाही.

शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने लोकशाही विकेंद्रीकरणाची शिफारस केली. तिच्यावर आधारलेल्या अधिनियमानुसार १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. गावाच्या कामाचा निर्णय गावाजवळ व्हावा, हे तत्त्व या जिल्ह्याला नव्याने पटवून देण्याची गरज नाही. ते संगणकाच्या पडद्यालाही लागू करावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पुढील कार्यवाही

हे मागणीपत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत संघटनेच्या पाच प्रतिनिधींसोबत बैठक घ्यावी आणि तिचे इतिवृत्त लेखी द्यावे. ३० दिवसांत मागणी १, २ आणि ६ वर लेखी निर्णय कळवावा. या तीन मागण्यांसाठी राज्यस्तरावरील मंजुरीची वाट पाहणे गरजेचे आहे असे प्रशासनाचे मत असेल, तर कोणत्या नियमामुळे, हे त्याच मुदतीत लेखी कळवावे आणि शिफारशीसह प्रस्ताव ग्रामविकास विभागाकडे पाठवून त्याची प्रत संघटनेस द्यावी.

मुदतीत निर्णय न झाल्यास हा विषय येत्या ग्रामसभांपुढे ठेवून ठराव घेण्याची विनंती आम्ही सर्व सरपंचांना करू. मोबदल्याशिवाय लादलेले जुन्या नोंदी पुन्हा टंकण्याचे काम आमचे सभासद मुदत संपल्याच्या दिवसापासून बंद करतील. ग्रामस्थांचे दाखले आणि करपावत्या यांचे काम कोणत्याही परिस्थितीत थांबणार नाही.

स्थळ: महागाव, जिल्हा यवतमाळ

आपले,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य
ग्रामपंचायत संगणक परिचालक व कर्मचारी यांची तालुका संघटना

प्रत माहितीसाठी: तालुक्यातील सर्व सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी